कौतिक थांबली, अलका गेली, चुकलं कोण?

‘सोडून काहून नाही दिलं तिनं त्याले?’

‘धग’ वाचून झालेल्या जवळजवळ प्रत्येक मुलीचा पहिला प्रश्न हाच होता. आणि ‘बारोमास’ वाचलेल्या मुलांचा? ‘सोडून गेली काहून ती त्याले?’

दोन्ही प्रश्न मी सेलूतच ऐकले, एकाच महिन्यात, एकदा तर एकाच चहाच्या टपरीवर. (आपलं वर्ध्याचं सेलू. परभणीच्या सेलूकरांनी रागावू नये, तिकडेही वाचणारे असतीलच.) दोन कादंबऱ्या, दोन लग्नं, दोन्ही आपल्या विदर्भातल्या खेड्यांतली. एकीतली बायको काही केल्या संसार सोडत नाही, तर वाचकांना तिचा राग येतो. दुसरीतली निघून जाते, तर तिचाही राग येतो. हे गणित काही केल्या जुळेना. म्हणून म्हटलं, जरा खोदून विचारू.

आधी ओळख, ज्यांनी वाचली नसतील त्यांच्यासाठी. ‘धग’ ही उद्धव शेळके यांची कादंबरी १९६० साली आली. शेळके जन्मानं आपल्याच जिल्ह्यातले, हिंगणघाटचे. ‘धग’ची नायिका कौतिक. तिचा नवरा महादेव शिंपी आहे, हातात कसब आहे, पण कामावर मन नाही. पदरात लेकरं, घरात पैसा नाही, आणि संसार ओढायचा तो कौतिकनंच. ती मजुरी करते, पै-पै जोडते, पोरानं शिकावं म्हणून जिवाचं रान करते. एक भोक बुजवलं की दुसरं पडतं. शेवट सांगत नाही, पण रात्री झोपताना वाचायचं हे पुस्तक नाही एवढं सांगून ठेवते.

आणि हो, मोबाइलवर ‘धग’ शोधाल तर आधी २०१२ चा सिनेमा समोर येईल. उषा जाधवला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो. चांगला आहे, जरूर बघा, पण त्याची गोष्ट वेगळी. नाव तेवढं एक.

‘बारोमास’ बुलडाण्याच्या सदानंद देशमुखांची, २००२ ची. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकनाथ शिकलेला, नोकरी नाही म्हणून शेतीत अडकलेला. कर्ज, पाऊस, भाव, घरातली भांडणं, नोकरीसाठी पैसे मोजायला निघालेला धाकटा भाऊ मधू. आणि या सगळ्यात लग्न होऊन आलेली अलका. तिनं नवऱ्याच्या शिक्षणाकडे बघून काही वेगळं आयुष्य डोळ्यांपुढे ठेवलेलं असतं. ते मिळत नाही. ती माहेरी निघून जाते.

म्हणजे दोघींच्या मध्ये बेचाळीस वर्षं.

मतांकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती सगळ्यांनीच सांगितली. ‘धग’मधली माणसं आपल्यासारखी बोलतात. ‘काहून’, ‘मले’, ‘तुले’ हे शब्द छापलेल्या पुस्तकात बघून माझ्या एका मैत्रिणीनं आधी पानाचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. मग वाचायला सुरुवात केली. शाळेत हेच शब्द बोलले की बाई दुरुस्त करायच्या. कॉलेजसाठी पुण्याला गेलेल्यांना तर हे शब्द खिशात लपवून ठेवावे लागतात. ते इथं एका थोर समजल्या जाणाऱ्या कादंबरीत राजरोस फिरताहेत! एका मुलानं कबूल केलं, की पुस्तक त्यानं फक्त या भाषेसाठी पूर्ण केलं, गोष्ट त्याला सहन होत नव्हती.

तर, कौतिक.

सेलूतून रोज एसटीनं वर्ध्याला अप-डाउन करणाऱ्या मुलींचा एक गट आहे. त्यातल्या तिघींनी ‘धग’ एकमेकींकडून घेऊन वाचली. तिघींचाही सूर एकच. कौतिक कामाची वाघीण आहे, मग अशा नवऱ्याचं ओझं का वाहते? कमावते तीच, खपते तीच. त्याला सोडलं असतं तर एक खाणारं तोंड कमी झालं असतं. एकीनं तर पुस्तक मध्येच आपटून ठेवलं होतं. लेखक पुरुष आहे, त्याला सोसणारी बाई दाखवायला आवडते, असा तिचा आरोप होता. मला हा आरोप पटला नाही. शेळके कौतिकला देवी करत नाहीत. ती चिडते, हट्ट करते, तिचे आडाखे चुकतात. देव्हाऱ्यात बसवायची बाई अशी लिहीत नाहीत. पण आरोप करणारी आपल्या मतावर ठाम आहे आणि तिला या पानावर जागा मिळायलाच हवी.

मग मी हाच प्रश्न घेऊन वयानं मोठ्या बायकांकडे गेले. आमच्या घरामागे राहणाऱ्या एक काकू निंदणाला, कापूस वेचायला जातात. त्यांना वाचता येत नाही फारसं. त्यांच्या सुनेनं त्यांना अर्धी-अधिक ‘धग’ वाचून दाखवली, संध्याकाळी भाकरी थापता थापता. ‘सोडलं का नाही’ म्हटल्यावर काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, ‘जाईन कुठी वं माय ते? लेकरं कोनाच्या दारात नेऊन टाकाचे?’

बस, एवढंच. नंतर त्या परातीकडे वळल्या.

तुम्हाला वाटेल, तेव्हा घटस्फोट नव्हता म्हणून बिचारी अडकली. मलाही असंच वाटायचं. पण ते पुरतं खरं नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याआधी मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला होता, पण वर्धा आणि अमरावती तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात, म्हणजे तो आपल्याला लागूच नव्हता. मात्र कायदा नसला तरी रिवाज होता. आपल्याकडच्या कितीतरी शेतकरी, कारागीर जातींमध्ये काडीमोड व्हायची, सोडलेल्या किंवा विधवा बाईचा पाट लागायचा. १९५५ च्या कायद्यानंही असे रिवाज मोडीत काढले नाहीत, ते मान्यच केले. म्हणजे वाट होती. पण पाट लागलेल्या बाईच्या आधीच्या लेकरांचं काय? ती कुणाची? माहेरात भाऊ असतो, भावजय असते, आणि त्यांचीही चूल ओली असते. काकूंच्या त्या एका वाक्यात हे सगळं बसलेलं होतं. मला ते समजायला तीन दिवस कायद्याची पुस्तकं चाळावी लागली!

आता अलका.

इथं मुलं बोलायला लागली आणि आवाज चढले. ‘बारोमास’ वाचणाऱ्यांत शेती करणारे दोघे होते, एक घोराडकडचा, एक झडशीकडचा. दोघंही पदवीधर, दोघांचंही लग्न जमत नाहीये. विदर्भातल्या कोणत्याही गावात जा, शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही ही गोष्ट नवी नाही. मुलीकडचे नोकरी विचारतात, नाहीतर वर्ध्यात, नागपुरात घर विचारतात. त्यामुळे या दोघांनी ‘बारोमास’ कादंबरी म्हणून वाचलीच नाही, स्वतःच्या बायोडेटासारखी वाचली. अलका त्यांना स्वार्थी वाटते. नवरा संकटात असताना बायको जाते म्हणजे काय? सुखात राहायला तर कोणीही राहतं.

त्यांचं दुःख खोटं नाही. ‘बारोमास’ आली त्यानंतर चार वर्षांनी, २००६ साली, पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झालं. त्या सहांत आपला वर्धा होता. हे दोघं तेव्हा शाळेत होते. बापाच्या कर्जाची कुजबुज ऐकत मोठी झालेली पोरं आहेत ही. त्यांना एकनाथ आपला वाटणारच.

पण मी त्यांना एक आगाऊ प्रश्न विचारला. तुमच्या बहिणीचं स्थळ एकनाथचं आलं असतं तर? झडशीकडचा गप्प बसला. घोराडकडचा हसला आणि म्हणाला, ‘बहिणीले नोकरीवालाच पाहू ना बे.’ (‘बे’ मला नव्हतं, बाजूच्या मित्राला होतं. नोंद असावी.)

इथं मला ते न जुळणारं गणित थोडं जुळलं. बहीण म्हणून अलका सगळ्यांना समजते, बायको म्हणून ती कोणालाच चालत नाही. आणि मुलींचंही फार वेगळं नाही बरं का. कौतिकवर चिडलेल्या त्या तिघींपैकी एकीला मी नंतर ‘बारोमास’ दिली. तिला अलकाचा निर्णय पटला, पण एकनाथची आई वाचताना तिला स्वतःची आई आठवली, आणि मग अलकाबद्दल तिचं मन थोडं कडू झालं. सून गेली, मुलगा खचला, आता त्या म्हातारीनं काय करायचं? तिनं हे विचारलं तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. पुस्तक चांगलं असलं की ते असं अडचणीत आणतं.

निवृत्त शिक्षकांचं एक मत इथं सांगायला हवं. मराठीच शिकवायचे ते. त्यांचं म्हणणं असं, की आजच्या मुलांनी कौतिकला ‘रिलेट’ करायला जाऊच नये. ती आजची नाही. जुनं गाव, जुनी गरिबी, जुनी माणसं म्हणून ती वाचावी, इतिहास वाचतो तशी. मला हे अर्धंच पटलं. गरिबीचं रूप बदललंय, मान्य. घरात मोबाइल आहे, गॅस आहे, नवऱ्यानं हात उचलला तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, त्यात राहत्या घरातून बाईला हाकलता येत नाही. पण काकू आजही जातात निंदणाला. शेत त्यांचंही आहे थोडं, कागदावर मात्र ते त्यांचं नाही. सातबारा नवऱ्याच्या नावे. ‘कुठी जाईन’ हा प्रश्न तिथंच अडतो.

या एका मुद्द्यावर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९० च्या आसपास ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली होती. नवऱ्यानं आपणहून जमिनीचा वाटा बायकोच्या नावावर करायचा, अशी. पुढं राज्य सरकारनंही १९९२ साली सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्यासाठी योजना काढली. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा महाराष्ट्रात १९९४ ला मिळाला, देशभर २००५ ला. हे सगळं मी त्या दोघा शेतकरी मित्रांना सांगितलं, आणि म्हटलं, बायोडेटात लिहून बघा, ‘लग्नानंतर अर्धी जमीन बायकोच्या नावावर’. स्थळं येतात की नाही बघू. घोराडकडचा म्हणाला, आबा घरातून काढतील. झडशीकडचा मात्र म्हणाला, विचारतो घरी. अजून त्याचा फोन आलेला नाही.

आज घरी गेलात की तुमच्याही शेताचा सातबारा बघा. ऑनलाइन दिसतो, दोन मिनिटांचं काम आहे. आईचं नाव कुठं आहे ते शोधा.

शेवटचं मत सगळ्यात अनपेक्षित होतं. बसस्टँडकडे एक टेलर आहेत, पन्नाशीचे. मी ड्रेस द्यायला गेले होते, हातात ‘धग’ होती. कशाबद्दल आहे म्हणाले, तर शिंप्याच्या बायकोची गोष्ट आहे म्हणून सांगितलं. त्यांनी पुस्तक ठेवून घेतलं, ड्रेसही ठेवून घेतला. आठ दिवसांनी गेले तेव्हा ड्रेस झाला नव्हता, पुस्तक झालं होतं. सगळे कौतिकबद्दल बोलत होते, हे एकटेच महादेवबद्दल बोलले. आळशी आहे, त्याची बाजू घेत नाही म्हणाले. पण कपडे शिवायला लोकांकडे पैसे लागतात आधी. गावात दिवाळीला आणि लग्नाला कपडा शिवतात, बाकीचे दहा महिने मशीनसमोर बसून माणूस काय करेल? रेडिमेड आल्यावर ते स्वतः दोन वर्षं मशीन झाकून बसले होते. त्या काळात घर कोणी चालवलं, विचारलं. शटरकडे बोट केलं. बाहेर त्यांची बायको फॉल-पिकोचं गिऱ्हाईक करत होती.

रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) त्यांना वाचायला द्यायची आहे. मराठवाड्यातली आहे, पण तिथंही गंगाराम शिंपीच, आणि गोष्ट सांगते ती त्याची बायको पार्वती, तिच्या स्वतःच्या बोलीत. ‘धग’ची आमची प्रत सध्या टेलरच्या बायकोकडे आहे. कव्हर सुटलंय, पण तिनं ते मशीनवर शिवून देते म्हणून सांगितलंय. तुमच्यापैकी कोणाकडे ‘पाचोळा’ पडून असेल तर कळवा, सेलूत वाचणारे वाट बघताहेत.