संकरित मोटारगाडीचा मंद प्रसार : एक आर्थिक विचार

पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर या दोहोंच्या साहाय्याने चालणाऱ्या वाहनास हायब्रिड अथवा संकरित मोटारगाडी म्हणतात. ही कल्पना नवी नव्हे. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारास अशी गाडी तयार केली होती. तथापि, मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली पहिली संकरित गाडी, टोयोटाची प्रियस, जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीस आली. इंधनाची बचत निर्विवाद असताही अशा गाड्यांचा प्रसार मंद का राहिला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

साध्या गाडीचा ब्रेक दाबला की तिच्या गतीतील ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. संकरित गाडीत त्या वेळी मोटर जनित्राचे कार्य करते आणि त्या ऊर्जेचा काही अंश बॅटरीत साठविते. गाडी थांबली असता इंजिन बंद राहते. ही बॅटरी बाहेरच्या विजेवर भारित करावी लागत नाही. या रचनेचा सर्वाधिक लाभ अर्थातच शहरातील गर्दीत मिळतो. अमेरिकी सरकारने २००४ च्या प्रियससाठी मूळात दिलेल्या आकड्यांनुसार ती लिटरमागे शहरात सुमारे २५.५, तर महामार्गावर सुमारे २१.७ किलोमीटर धावे. साध्या गाडीचा अनुभव याच्या नेमका उलट असतो.

मग अडचण कोठे? ती हिशेबात आहे. समजा, साधी गाडी लिटरमागे १६ आणि संकरित गाडी २४ किलोमीटर धावते, पेट्रोलचा दर १०० रुपये आहे व किमतीतील फरक अडीच लाखांचा आहे. वर्षाकाठी १०,००० किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबास हा फरक भरून निघण्यास १२ वर्षे लागतील. ३०,००० किलोमीटर फिरणाऱ्यास मात्र ४ वर्षे पुरतील. न्यूयॉर्कमध्ये २००५ पासून टॅक्सीचालक या गाड्यांकडे वळले, त्याचे मर्म हेच होय.

भारतात या हिशेबास करांचीही जोड मिळाली. २००८ मध्ये आलेल्या होंडा सिव्हिक हायब्रिडची किंमत प्रारंभी २० लाखांहून अधिक होती. जुलै २०१७ पासून संकरित गाड्यांवर अधिभारासह ४३ टक्के कर बसला. केवळ विजेवर चालणाऱ्या गाड्यांवरील कर मात्र १२ टक्के होता व २०१९ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला. २०२२ मध्ये मारुती, टोयोटा व होंडा यांच्या भारतात तयार होणाऱ्या संकरित गाड्या बाजारात आल्यावर निवडीस वाव मिळाला. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेश शासनाने अशा गाड्यांवरील नोंदणी कर माफ केला.

सारांश, संकरित गाडीची उपयुक्तता यंत्राइतकीच वापरावर अवलंबून असते. जो थोडा फिरतो, त्याला ती महाग पडते. जो गर्दीतून रोज दूरवर जातो, त्याला ती परवडते. दुर्दैव असे की, बचत हप्त्याहप्त्याने हाती येते, किंमत मात्र आरंभीच मोजावी लागते.