घराचे वासे विकताना

'घर फिरले की घराचे वासेही फिरतात' अशी आपल्याकडे म्हण आहे. पण तेच वासे विकायची वेळ येते तेव्हा त्यांची खरी किंमत घरमालकालाच ठाऊक नसते, असा आमचा अनुभव आहे. शिरूर तालुक्यात भीमेच्या काठी वसलेल्या आमच्या वडगाव रासाईत आणि नदीपलीकडे दौंड तालुक्यातील गावांत जुनी घरे उतरवून स्लॅबची घरे बांधली जात आहेत. अशा वेळी निघणारे सामान कसे मोजावे, त्याचे मोल कसे ठरवावे व ते विकताना कोणती काळजी घ्यावी, याची माहिती सभासद व विद्यार्थी बंधुभगिनींना व्हावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम आमच्याच घरचे उदाहरण देतो. आमच्या थोरल्या चुलत्यांनी पुण्यात नोकरी करून, पै-पै जोडून गावी घर बांधले. त्यातील आठ सागवानी तुळया त्यांनी एका मोडलेल्या वाड्यातून विकत आणल्या होत्या. ज्या वाड्याचा उंबरठा आपल्या वडिलांना ओलांडता आला नाही, त्याचे लाकूड आज आपल्या छपराला आहे, असे ते अभिमानाने सांगत. त्यांच्या पश्चात घर मोडकळीस आले. एक व्यापारी आला, त्याने घराभोवती एक फेरी मारली आणि सर्व सामानाचा उक्ता भाव सांगितला. चहा होईपर्यंत सौदा झाला. पुढे, उरलेल्या भिंतीतील तुळयांची भोके आम्ही टेपने मोजली, बाजारात भाव विचारला, तेव्हा कळले की हाती आलेली रक्कम निम्म्या तुळयांचीसुद्धा नव्हती. दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजणाऱ्या आम्हांला स्वतःच्या घरच्या आठ तुळया मोजण्याचे सुचले नाही!

याला आमची एक समजूत कारणीभूत होती. कर्जासाठी येणाऱ्या मूल्यांकन अहवालात आयुष्य संपलेल्या इमारतीची शिल्लक किंमत बहुधा बांधकाम खर्चाच्या १० टक्के धरण्याचा प्रघात आहे. म्हणून जुने घर म्हणजे नुसती जागा, असे आम्ही समजत होतो. परंतु हा कागदावरचा हिशेब झाला. घर उतरवल्यावर प्रत्येक वस्तू स्वतंत्र होते आणि 'मेला हत्ती सव्वा लाखाचा' या म्हणीचा प्रत्यय येतो.

एकाच वस्तूच्या तीन किमती असतात, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पहिली जळणाची किंवा भंगाराची, दुसरी मालाची व तिसरी वस्तूची. जुना दिंडी दरवाजा फोडला तर सरपण, त्याच्या फळ्या सुताराला दिल्या तर सागवान आणि चौकट, उंबरठा, कडी-कोयंडा व बिजागऱ्यांसह अखंड ठेवला तर कोरीव दरवाजा. पितळी कडी किलोवर विकली की भंगार. दरवाजावर राहिली की त्या दरवाजाचे मोल वाढवते. उक्त्या सौद्यात मालक बहुधा पहिल्या किमतीत देतो आणि घेणारा दुसऱ्या व तिसऱ्या किमतीत विकतो.

मोजणी अवघड नाही. चौकोनी लाकडाची लांबी फुटांत, रुंदी व जाडी इंचांत घ्यावी, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागावे म्हणजे घनफूट मिळतात. आमची एक तुळई १० फूट लांब, ९ इंच रुंद व ६ इंच जाड होती, म्हणजे ३.७५ घनफूट. अशा आठ म्हणजे ३० घनफूट. गोल लाकडाच्या घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करावा व लांबीने गुणावे. ३ फूट घेराचा ८ फूट लांब खांब या रीतीने ४.५ घनफूट भरतो. यातून वाळवीने खाल्लेला भाग, भिंतीत राहून कुजलेली टोके व खोल खोबणी वजा कराव्यात. सुरीने थोडे खरवडून पाहावे. सागाचा रंग सोनेरी-तपकिरी दिसतो व त्याला चामड्यासारखा वास येतो. बाभूळ व लिंबाच्या लाकडाचा भाव निराळा, म्हणून त्यांची यादी वेगळी करावी. घडीव चिरे नगावर, साधा दगड ब्रासवर (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट), विटा हजारावर व लोखंड किलोवर विकावे.

घर उतरवताना वरून खाली यावे. आधी कौले किंवा पत्रे, मग वासे, मग माळवदाची माती व कडीपाट, त्यानंतर तुळया व खांब. प्रत्येक नगावर खडूने क्रमांक घालून फोटो काढावा. खिळे काढून द्यावेत. खिळ्याने करवतीचे पाते मोडते म्हणून गिरणीवाला भाव पाडतो. तुळया निघाल्या की मातीच्या भिंतीचा आधार जातो, हे विसरू नये. वाडे उतरवणारे मजूर पुष्कळदा आपल्याच वस्तीतील असतात. कामाची घाई व पावसाळा या दोन्ही गोष्टी त्यांच्या जिवावर बेततात.

विक्रीपूर्वी किमान तीन ठिकाणी भाव विचारावा. लाकडासाठी पुण्यात भवानी पेठेतील टिंबर मार्केट आहे, तर कोरीव वस्तूंना मुंबईच्या चोर बाजारात व जोगेश्वरीच्या ओशिवरा भागात गिऱ्हाईक मिळते. तीच वस्तू सुताराला सांगितली तर एक भाव येतो, जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला सांगितली तर दुसरा.

कायद्याच्याही काही गोष्टी माहीत असाव्यात. घर सामाईक असल्यास सर्व वारसांची लेखी संमती घ्यावी व त्यांत बहिणींना वगळू नये. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ बौद्धांनाही लागू आहे. वडिलार्जित एकत्र मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या व देशभर २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली ज्या हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले, त्याच वाटेवरचे हे कायदे आहेत. भिंतीत वा जमिनीत दडवलेली नाणी, दागिने सापडल्यास आणि त्यांचे मोल १० रुपयांहून अधिक असल्यास, १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. इमारतीतून काढलेली १०० वर्षांपूर्वीची कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो व खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. इमारत सार्वजनिक न्यासाची असेल, तर ती विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. सामान विकतानाही सभेचा ठराव, पंचांसमक्ष यादी व धनादेशाने व्यवहार या तीन गोष्टी सोडू नयेत.

सर्वच विकावे, असे मात्र नाही. डॉ. दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी लोकांनी टाकून दिलेले दरवाजे, खिडक्या, दिवे, अडकित्ते आयुष्यभर जमवले. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय त्यातूनच उभे राहिले. कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग तेथे आणून पुन्हा उभारलेले आहेत. ते कोठले, हे ठाऊक आहे म्हणूनच त्यांना मोल आहे. एरवी ते नुसते जुने लाकूड ठरले असते. म्हणून वस्तू विकली तरी ती कोणत्या घराची, कोणी केव्हा बसवली, एवढे वहीत लिहून ठेवावे. आमच्या तुळया कोठे गेल्या, हे आज आम्हांला सांगता येत नाही. पैशाइतकीच ही चुटपूट आम्हांला आहे.

विद्यार्थी मित्रांना आमची एकच विनंती आहे. गावी आजोबांचे घर उभे असेल तर या सुट्टीत टेप, वही व खडू घेऊन जा. तुळया मोजा, खांब मोजा आणि आजी-आजोबांना विचारून प्रत्येकाची हकीकत लिहून काढा. उद्या व्यापारी दारात आला, तर त्याला चहा जरूर द्यावा; पण भाव आपल्या यादीवरून सांगावा.