किती आवळायचं?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं. आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं झोपून, मग उभं राहून अशा तीन प्रकारे या अंतिम फेरीत नेम धरावा लागतो. प्रत्येक वेळी शरीराची ठेवण बदलते, त्यामुळे रायफलच्या दस्त्याची लांबी, गाल टेकायची पट्टी, खांद्याशी येणारा भाग हे सगळं स्क्रू सैल करून, पुन्हा आवळून बदलावं लागतं, आणि त्यासाठी मोजकीच मिनिटं मिळतात. टीव्हीवर हा भाग कंटाळवाणा वाटतो. मला मात्र सगळ्यात जास्त विज्ञान तिथेच दिसतं, कारण पुढची प्रत्येक गोळी कुठे जाणार, याचा एक मोठा हिस्सा त्या स्क्रूंवर अवलंबून असतो.

किती बारीक हिशेब आहे ते १० मीटर एअर रायफलमध्ये कळतं. लक्ष्याच्या मधोमध असलेला दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. डोळ्याजवळचं छिद्र आणि पुढची माशी यांत साधारण ८० सेंटिमीटर अंतर धरलं, तर यांपैकी एक भाग ०.०४ मिलिमीटर सरकला की १० मीटरवर छर्रा अर्धा मिलिमीटर बाजूला पडतो. माणसाच्या केसाची जाडीही याहून जास्त असते. ढिला राहिलेला एक स्क्रू एवढं सहज हलवू शकतो.

मग मावळातल्या लोणावळा, तळेगाव, वडगाव भागातली जी मुलं हल्ली या खेळाकडे वळतायत, त्यांच्या घरी कोणती हत्यारं असावीत? इथे हत्यारं म्हणजे अवजारं. सुरुवातीलाच एक मर्यादा सांगतो. दारूच्या जोरावर गोळी सोडणारी कोणतीही बंदूक परवान्याशिवाय बनवणं, दुरुस्त करणं किंवा तिच्यात बदल करणं हा शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा आहे. ते काम परवानाधारक कारागिराचं. घरी करायचं ते खेळाच्या एअर रायफलचं काम, आणि तेही बाहेरून: नळीचा भाग दस्त्यात बसवणं, दृष्टीसाधनं लावणं, गालपट्टी व खांदापट्टी जुळवणं. चापाची आतली यंत्रणा उघडायची नाही.

पहिली खरेदी कोणती, याबद्दल माझं मत ठाम आहे. महागडी पेटी नको. घ्यायचा तो कमी ताकदीचा टॉर्क ड्रायव्हर, म्हणजे किती पीळ दिला ते मोजणारा ड्रायव्हर. १ ते १० न्यूटन-मीटरच्या टप्प्यातला पुरतो. गॅरेजमधला मोठा टॉर्क पान्हा चाकांच्या नटांसाठी असतो, इथे त्याचा उपयोग नाही. ५ न्यूटन-मीटर म्हणजे २० सेंटिमीटर लांब दांड्याच्या टोकावर सुमारे अडीच किलोचा जोर. हाताला हा जोर क्षुल्लक वाटतो, म्हणून हात नेहमी थोडं जास्तच आवळतो.

स्क्रू आवळताना आपल्याला खरं तर पीळ नको असतो, ताण हवा असतो. स्क्रू किंचित लांबतो, स्प्रिंगसारखा मागे ओढतो आणि नळीचा भाग दस्त्यावर दाबून धरतो. पण आपण दिलेल्या जोरातला जेमतेम दहा टक्के भाग या ताणात उतरतो. अर्ध्याच्या आसपास स्क्रूच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो आणि उरलेला आट्यांच्या घर्षणात. म्हणून घर्षण थोडं बदललं तरी ताण खूप बदलतो. ६ मिलिमीटरचा कोरडा स्क्रू ५ न्यूटन-मीटरने आवळला, तर ढोबळ हिशेबाने सव्वाचारशे किलोच्या वजनाइतका ताण येतो. त्याच स्क्रूला तेलाचं बोट लागलं की तेवढ्याच पिळात ताण साडेपाचशे किलोच्या पुढे जाऊ शकतो. कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, हे वाचल्याशिवाय ड्रायव्हरला हात लावू नये. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत १९४५ पासून नौदलाचे अभियंते घडतायत. ते ज्या इंजिनांवर शिकतात, त्यांच्या बोल्टांनाही हाच नियम लागू असतो, फक्त आकडे मोठे.

दोन स्क्रू असतील तर एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जायचं नाही. दोन्ही आळीपाळीने, थोडे थोडे, दोन-तीन टप्प्यांत. नाहीतर नळीचा भाग दस्त्यात तिरपा दाबला जातो आणि धातूत कायमचा वाकडा ताण राहतो. शेवटी स्क्रूचं डोकं आणि शेजारचा धातू यांच्यावरून रंगाच्या पेनाने एक बारीक रेघ ओढावी. रेघ तुटली की स्क्रू फिरला, हे न मोजता कळतं. या पेनाइतकं स्वस्त आणि उपयोगी अवजार दुसरं नाही.

अ‍ॅलन की चांगल्या पोलादाच्या घ्याव्यात. नाशिकच्या टापरियासारख्या देशी कंपन्यांच्याही चालतील, पण मिलिमीटरच्याच. ५/३२ इंचाची की म्हणजे ३.९७ मिलिमीटर. ती ४ मिलिमीटरच्या खाचेत जाते, बरोबर बसल्यासारखी वाटते आणि खाचेचे कोपरे हळूहळू गोल करून टाकते. गोलाकार टोकाची की तिरप्या कोनातून स्क्रू फिरवायला सोयीची आहे, पण तिचा धातूशी संपर्क अगदी थोडा असतो, म्हणून शेवटचा पीळ सरळ टोकानेच द्यावा. उभ्या खाचेच्या स्क्रूला घरातला नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर लावू नये. त्याचं पातं पाचरीसारखं निमुळतं असतं, जोर दिला की ते खाचेतून वर उसळतं आणि नळीवर ओरखडा काढतं. समांतर बाजूंचं, खाच पूर्ण भरणारं पातं हवं.

आता मावळातली खरी अडचण. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर पासष्ट किलोमीटरवरच्या पुणे शहरात सातशे-साडेसातशे. घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये भिंती घामेजतात, कपाटातले कपडे दमट राहतात. लाकडी दस्ताही हे पाणी पितो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असेल तर लाकडात साधारण सात-आठ टक्के पाणी असतं. ९० टक्क्यांवर ते वीसच्या आसपास जातं. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रेषांच्या आडवं फुगतं. अक्रोडाच्या ४० मिलिमीटर जाडीच्या तुकड्यात पाण्याचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढलं, तर रेषांच्या दिशेप्रमाणे जाडी पाऊण ते एक मिलिमीटर वाढू शकते. वॉर्निशने हा वेग कमी होतो, थांबत नाही. एप्रिलमध्ये अगदी मापात आवळलेला स्क्रू जुलैत भलत्याच ताणाखाली असतो. मग दिवाळीनंतर लाकूड सुकतं आणि तोच स्क्रू सैल पडतो. स्पर्धेच्या रायफलींना आता बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे दस्ते असतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. लाकडी दस्त्यातही स्क्रूभोवती धातूची नळी बसवली, तर दाब लाकडावर न येता धातूवर येतो. जुनी लाकडी रायफल घेताना ही नळी आहे का, हे आधी पाहावं.

त्यामुळे लोणावळ्याच्या पेटीत मी आर्द्रतामापक हवाच म्हणेन. काही शे रुपयांत मिळतो. सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की पोलादावर पाण्याचा अदृश्य थर जमू लागतो आणि गंज धरतो. बोटांच्या घामातलं मीठ त्याला आणखी मदत करतं. बंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून आकडा पन्नासच्या जवळ राखावा. रंग बदललेल्या पुड्या ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा वापरता येतात. हाताळून झालं की बाहेरचा धातू कोरड्या कपड्याने पुसून तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा.

पण हे तेल हवेच्या सिलिंडरजवळ नको. आजच्या एअर रायफलमध्ये सुमारे २०० बार दाबाची हवा भरलेली असते, म्हणजे वातावरणाच्या दोनशे पट. एवढ्या दाबाखाली हवेतला प्राणवायू दाटलेला असतो, आणि खनिज तेलाचा थेंब अचानक दाबला गेला तर पेट घेऊ शकतो. जोडणीच्या आट्यांना आणि सीलना कंपनीने सांगितलेलंच वंगण लावावं. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं असते, आणि ती तपासण्याची जबाबदारी खेळाडूचीच. सेकंडहँड रायफल स्वस्तात मिळत असेल, तर आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचावी. मुदत संपलेला सिलिंडर वापरायचा नाही, आणि आत काय आहे ते पाहायला उघडायचा तर मुळीच नाही.

शेवटची अडचण प्रवासाची. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला संकुल उभं राहिलं, २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धाही तिथे झाल्या, आणि मावळातल्या नेमबाजाला अजूनही बऱ्याचदा तिकडेच जावं लागतं. वातानुकूलित सभागृहात गार झालेली रायफल पावसाळी हवेत काढली की धातूवर लगेच दव धरतं, अगदी नळीच्या आतही. म्हणून घरी आल्यावर पेटी तास-दीड तास बंदच ठेवावी, आतलं तापमान खोलीइतकं होऊ द्यावं. मग उघडून पुसावी, रंगाच्या रेघा पाहाव्यात, आणि पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी टॉर्क ड्रायव्हर लावून आकडा वहीत तारखेसह लिहावा. हे झालं की ड्रायव्हर सगळ्यात कमी आकड्यावर आणून ठेवावा, नाहीतर त्याची स्वतःची स्प्रिंग थकते आणि पुढच्या वेळी तो चुकीचा आकडा दाखवतो.