युद्धनेत्यांच्या खास रेल्वेगाड्या

युद्धकाळात राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान व सरसेनापती यांचा प्रवास, निवास आणि कामकाज यांसाठी राखून ठेवलेल्या स्वतंत्र आगगाड्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विमानप्रवास हवामानावर अवलंबून व धोक्याचा होता. नेत्याला त्याचे अधिकारी, नकाशे व दप्तर यांसह शेकडो किलोमीटर नेणारे रेल्वेइतके भरवशाचे दुसरे साधन नव्हते. या गाड्यांचा राजेशाही थाट सर्वश्रुत आहे. तथापि त्यांची खरी कसोटी लागली ती संपर्काच्या बाबतीत.

भारतीय वाचकास त्यांची कल्पना ‘सलून’ या शब्दावरून येईल. व्हाइसरॉय व संस्थानिक यांच्यासाठी असे सुसज्ज डबे बांधण्यात येत. बडोद्याच्या गायकवाडांसाठी १८८६ मध्ये मुंबईतील परळच्या रेल्वे कार्यशाळेत तयार झालेला सलून नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. युद्धनेत्यांच्या गाड्यांत अशा सलूनाच्या जोडीला भोजनयान, अंगरक्षकांचे डबे व तार-दूरध्वनीचा डबा आले आणि दुसऱ्या महायुद्धात काही गाड्यांना विमानविरोधी तोफांच्या वाघिणीही जोडण्यात आल्या.

चालत्या गाडीतील नेता घटनांपासून किती दूर पडतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण रशियाचा झार दुसरा निकोलस याचे आहे. १९१५ पासून सरसेनापतिपद त्याने स्वतःकडे घेतले होते. राजधानी पेत्रोग्राडमध्ये क्रांतीचा भडका उडाल्यावर १३ मार्च १९१७ रोजी तो मगिल्योफ येथील लष्करी मुख्यालयातून आपल्या गाडीने निघाला. पुढील मार्ग क्रांतिकारकांच्या हाती गेल्याचे कळल्याने गाडी वाटेतून परत फिरवावी लागली व १४ तारखेच्या संध्याकाळी ती प्स्कोफ येथे पोहोचली. दुसऱ्या दिवशी, त्याच गाडीच्या सलूनात, झारने सिंहासनत्यागाच्या पत्रावर सही केली. रेशमी पडद्यांच्या त्या डब्यात सर्व काही होते. राजधानीत काय चालले आहे याची वेळेवर मिळणारी खबर मात्र नव्हती.

यानंतर दीड वर्षाच्या आतच त्याच देशात ट्रॉट्स्कीची गाडी धावू लागली. ऑगस्ट १९१८ मध्ये मॉस्कोत जुळवलेल्या या गाडीत छापखाना, तारयंत्र, बिनतारी संदेशयंत्रणा, वीजघर, ग्रंथालय, स्नानगृह व मोटारींसाठी डबा होता. भार एवढा की, ओढण्यास दोन एंजिने लागत. गाडीचे स्वतःचे वर्तमानपत्रही निघे व गाडी थांबताच मोटारी उतरवून आघाडीवर जाता येई. यादवी युद्धात या फिरत्या कचेरीचा लाल सैन्याला मोठाच उपयोग झाला.

हिटलरच्या गाडीचे नाव ‘अमेरिका’ असे होते. १९४३ मध्ये ते बदलून ‘ब्रांडेनबुर्क’ करण्यात आले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी तो बर्लिनहून या गाडीने पोलंडच्या आघाडीकडे निघाला व त्या मोहिमेत गाडी हेच त्याचे मुख्यालय होते. तीत सल्लामसलतीची खोली, टंकदूरलेखक व बिनतारी यंत्र असलेला डबा, पाहुण्यांचे डबे आणि स्नानासाठी वेगळा डबा असे. स्थानकात थांबल्यावर गाडी दूरध्वनीच्या तारांना जोडली जाई. धावत असताना भिस्त बिनतारी संदेशांवरच असे. नोव्हेंबर १९४२ मध्ये दोस्तांचे सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरले तेव्हा हिटलर म्यूनिककडे याच गाडीने चालला होता. त्या प्रवासातील एक प्रसंग त्याचा मंत्री आल्बेर्ट श्पेर याने आठवणींत नोंदविला आहे. भोजनयानात जेवण चालू असता शेजारच्या रुळांवर जखमी सैनिकांनी भरलेली मालगाडी येऊन थांबली. ते सैनिक उजळलेल्या खिडकीतून आत पाहत होते. हिटलरने त्यांना अभिवादन केले नाही. नोकराकडून पडदे ओढून घेतले. श्पेरच्या सर्वच हकीकती निर्विवाद नाहीत. तरीही खासगाडीचे वैगुण्य यापेक्षा नेमकेपणाने दाखविणारी नोंद क्वचितच आढळेल.

ब्रिटनमध्ये थाट कमी व गैरसोय अधिक होती. नॉर्मंडीवरील चढाईच्या तोंडावर, जून १९४४ च्या प्रारंभी, चर्चिलची गाडी हँपशरमधील ड्रॉक्सफर्ड या लहान स्थानकावर उभी होती. ४ जून रोजी द गॉल तेथे येऊन त्यास भेटला. गाडीत न्हाणीघर एक आणि दूरध्वनीही एकच. परराष्ट्रमंत्री ईडन याने पुढे लिहिले की, चर्चिल सदैव न्हाणीघरात व जनरल इस्मे सदैव दूरध्वनीवर असल्यासारखे वाटे. रणभूमीच्या जवळ येऊनही काम करणे जवळजवळ अशक्य झाले.

अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्ट याच्यासाठी ‘फर्डिनंड मॅगेलन’ हा पुलमन डबा १९४२ मध्ये चिलखती करण्यात आला. सु. १·६ सेंमी. जाडीचे पोलादी पत्रे व सु. ७·६ सेंमी. जाडीच्या काचा बसविल्यावर त्याचे वजन सु. १२९ टन झाले. पोलिओमुळे पायांनी तोल सावरता येत नसल्याने रूझवेल्टला गाडी संथ चाललेली आवडे. सप्टेंबर १९४२ मध्ये त्याने युद्धसाहित्याच्या कारखान्यांचा दोन आठवड्यांचा दौरा रेल्वेने केला. तो परतेपर्यंत वृत्तपत्रांनी त्याविषयी अक्षरही छापले नाही.

पॉट्सडॅम परिषदेसाठी जुलै १९४५ मध्ये निघालेल्या स्टालिनच्या गाडीपुढे प्रश्न होता लोहमार्गाच्या मापाचा. सोलापूर जिल्ह्यातील जुन्या प्रवाशांना तो समजावून सांगावा लागणार नाही : कुर्डूवाडीस उतरून बार्शीची अरुंदमापी गाडी धरल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नसे. रशियन मार्ग १,५२४ मिमी. रुंद, तर जर्मन मार्ग १,४३५ मिमी. तेव्हा बर्लिनपर्यंत रशियन मापाचा मार्ग सिद्ध ठेवण्यात आला. सु. १,९०० किमी.च्या या वाटेवर सतरा हजार सैनिक पहाऱ्यास होते. किलोमीटरमागे सहा ते पंधरा.

एवढ्या पहाऱ्याचे कारण उघड आहे. गाडीचा मार्ग ठरलेला असतो आणि तो घातपात करणाऱ्यासही ठाऊक असतो. मांचुरियाचा सेनापती जांग झ्वोलिन ४ जून १९२८ रोजी जपानी अधिकाऱ्यांनी पुलावर घडविलेल्या स्फोटात आपल्या गाडीतच सापडून मरण पावला. भारतात २३ डिसेंबर १९२९ रोजी क्रांतिकारकांनी दिल्लीजवळ व्हाइसरॉय अर्विनच्या गाडीखाली बाँबचा स्फोट घडविला; अर्विन मात्र बचावला. तो काळ युद्धाचा नव्हता, पण धोका तोच होता.

युद्ध संपविण्याचे काम ज्या डब्यात झाले, तो मूळचा साधे भोजनयान होता. मार्शल फॉश याची कचेरी म्हणून बदल केलेल्या २४१९ डी क्रमांकाच्या या डब्यात, काँप्येन्यच्या अरण्यात, ११ नोव्हेंबर १९१८ रोजी जर्मनीने युद्धबंदी स्वीकारली. २२ जून १९४० रोजी हिटलरने त्याच डब्यात फ्रान्सला शरणागतीच्या करारावर सही करावयास लावली आणि डबा बर्लिनला नेला. १९४५ मध्ये तो जर्मनीत नष्ट झाला. काँप्येन्य येथे आता त्याच प्रकारचा दुसरा डबा तोच क्रमांक घालून ठेवलेला आहे.