सज्जातील ढालकिडा

रायपूरजवळील बरोंडा येथील राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्थेत पिकांवरील कीड-रोगांचा अभ्यास चालतो. तेच शास्त्र नवा रायपूर येथील सदनिकेच्या सज्जातील मिरचीच्या कुंडीलाही लागू पडते.

मावा दिसताच हात घरगुती कीटकनाशकाकडे वळतो. त्या फवाऱ्याने माव्याचा भक्षक ढालकिडाही मरतो आणि विषाचा अंश ताटात येऊ शकतो. ढालकिड्याची काळसर, बहुधा नारिंगी खुणांची अळी कीड भासली, तरी मावा हेच तिचे अन्न; तिला राहू द्यावे.

प्रादुर्भाव वाढल्यास ५० ग्रॅम निंबोळी चूर्ण १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावे व किंचित साबण मिसळून सायंकाळी फवारावे. उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर निष्प्रभ होते. तत्पूर्वी पानाची खालची बाजू अवश्य पाहावी.