हीट पंपाची सूत्रे सॉफ्टवेअरच्या हाती : ब्रिटनमधील घरांचे विजेचे गणित

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात घरे उबदार ठेवण्यासाठी आजवर मुख्यत्वे नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या बॉयलरचा वापर होत आला आहे. त्यांच्या जागी विजेवर चालणारे हीट पंप यावेत, या हेतूने २०२८ पर्यंत दरवर्षी सहा लाख पंप बसविण्याचे उद्दिष्ट तेथील सरकारने २०२० मध्ये जाहीर केले. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२२ पासून त्यासाठी अनुदान देण्यात येऊ लागले व ऑक्टोबर २०२३ मध्ये ते साडेसात हजार पौंडांपर्यंत वाढविण्यात आले. मात्र पंप बसविला म्हणजे प्रश्न सुटला, असे नाही. तो कधी चालवावा आणि किती जोराने चालवावा, यावर घराचे वीजबिल अवलंबून असते. हा निर्णय घरमालकाऐवजी स्वतःच घेणारे ‘ऑप्टिमायझर’ नावाचे सॉफ्टवेअर आता उपलब्ध असून, त्यामुळे खर्चात बचत होते, असा ते विकणाऱ्यांचा दावा आहे.

या दाव्याची पारख करण्यापूर्वी यंत्राचा स्वभाव जाणून घेणे आवश्यक आहे. वातानुकूलन यंत्र खोलीतील उष्णता बाहेर टाकते. हीट पंप नेमके याच्या उलट करतो. बाहेरची हवा गार असली तरी तिच्यात उष्णता असतेच. शीतक द्रव्य आणि कॉम्प्रेसर यांच्या साहाय्याने ती खेचून घेऊन रेडिएटरमधून किंवा जमिनीखालील नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्याला दिली जाते. ही कल्पना नवी नाही. विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, यांनी ती १८५२ मध्येच मांडली होती. पंप उष्णता निर्माण करीत नाही, केवळ वाहून आणतो. त्यामुळे एक युनिट वीज खर्चून दोन ते चार युनिट उष्णता मिळू शकते. मात्र पाणी जितके अधिक तापवावे लागेल, तितके हे गुणोत्तर घसरते. पाण्याचे तापमान एका अंशाने वाढविल्यास कार्यक्षमता सुमारे दोन ते अडीच टक्क्यांनी कमी होते, असा या व्यवसायातील ठोकताळा आहे.

ब्रिटनमधील अडचण दरांची आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ या तिमाहीत नियामकाने घालून दिलेली दरमर्यादा विजेसाठी प्रतियुनिट सुमारे २४.५ पेन्स, तर वायूसाठी सुमारे ६.२ पेन्स होती. म्हणजे वीज जवळपास चौपट महाग. बॉयलरमध्ये वायूची नव्वद टक्के उष्णता उपयोगी पडते असे धरल्यास, त्याच्याशी बरोबरी साधण्यासाठी पंपाने एका युनिटमागे साडेतीन युनिट उष्णता द्यावयास हवी. प्रत्यक्षात ७४२ घरांत सरकारी खर्चाने झालेल्या चाचणीत, हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपांचे मध्यम गुणोत्तर सुमारे २.८ आढळले. सर्वसाधारण दराने वीज घेणाऱ्या अशा कुटुंबाचे बिल बॉयलरपेक्षा वाढण्याचीच शक्यता अधिक. निवृत्तिवेतनावर गुजराण करणाऱ्या वृद्ध दांपत्यासाठी हा फरक म्हणजे एखादी खोली थंड ठेवण्याचा निर्णय ठरू शकतो.

येथे वेळेनुसार बदलणारे वीजदर महत्त्वाचे ठरतात. ऑक्टोपस एनर्जी या कंपनीने २०१८ मध्ये ‘अजाईल’ नावाची दरपद्धती आणली. तीत घाऊक बाजारानुसार दर अर्ध्या तासाचा भाव वेगळा असतो आणि दुसऱ्या दिवसाचे भाव आदल्या दुपारी कळतात. संध्याकाळी चार ते सात या वेळेत वीज सर्वांत महाग असते. वादळी वाऱ्याच्या रात्री पवनचक्क्यांची वीज उदंड झाली, तर भाव शून्याखालीही जातो. (भारतातही २०२३ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती करून दिवसाच्या वेळेनुसार दर आकारण्याची तरतूद करण्यात आली आहे.) अशा अठ्ठेचाळीस भावांकडे लक्ष ठेवून दिवसभर बटणे दाबत बसणे कोणालाही शक्य नाही. हे काम सॉफ्टवेअर करते.

प्रारंभीचे काही दिवस ते घराचा अभ्यास करते. पंप मंद असताना खोलीचे तापमान किती वेगाने उतरते, ऊन आल्यावर किती चढते, या नोंदींवरून घरातून किती उष्णता निसटते आणि भिंती किती उष्णता धरून ठेवतात, याचा अंदाज बांधला जातो. त्याला हवामानाचा अंदाज, विजेचे भाव आणि कुटुंबाला हवे असलेले तापमान यांची जोड दिली जाते. त्यानंतर पुढील चोवीस तासांचे वेळापत्रक तयार होते व नवी माहिती येताच ते पुन्हा मांडले जाते. सामान्यतः दुपारी घर किंचित अधिक तापवून ठेवायचे आणि महागड्या संध्याकाळी पंप मंद करायचा, असे त्याचे स्वरूप असते. घर हीच जणू बॅटरी.

परंतु ही बॅटरी गळकी आहे. एक काल्पनिक उदाहरण पाहू. संध्याकाळी घराला दहा युनिट उष्णता लागते. ३५ अंशांच्या पाण्याने पंप संथपणे चालविला आणि गुणोत्तर चार मिळाले, तर अडीच युनिट वीज लागेल. ३६ पेन्स भावाने खर्च ९० पेन्स. तीच उष्णता दुपारी साठवायची, तर वाटेत निसटणारी धरून बारा युनिट तयार करावी लागेल. कमी वेळात एवढी उष्णता देण्यासाठी पाणी ४५ अंशांपर्यंत तापवावे लागेल व गुणोत्तर तीनवर येईल. म्हणजे चार युनिट वीज. दुपारचा भाव १५ पेन्स असेल, तर खर्च ६० पेन्स. विजेचा वापर साठ टक्क्यांनी वाढला, तरी ३० पेन्स वाचले. आता संध्याकाळचा भाव ३६ ऐवजी २० पेन्स धरल्यास संथ मार्गाचा खर्च ५० पेन्सच होतो आणि ‘हुशार’ मार्ग दहा पेन्सनी महाग पडतो. पैशांची बचत आणि विजेची बचत या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि जाहिरातींत त्यांची बहुधा सरमिसळ केलेली असते.

सॉफ्टवेअर पंपाशी कोणत्या मार्गाने बोलते, यालाही महत्त्व आहे. काही प्रणाली पाण्याचे तापमान थेट ठरवू शकतात. इतर काही केवळ खोलीच्या थर्मोस्टॅटचा आकडा वरखाली करतात. त्यामुळे पंप वारंवार बंद पडून पुन्हा सुरू होण्याची व त्याचा कॉम्प्रेसर झिजण्याची शक्यता असते. बाहेर जशी थंडी, तसे पाण्याचे तापमान ठेवण्याची सोय आजच्या बहुतेक पंपांत मुळातच असते. तथापि, घर गार राहिल्याच्या तक्रारी येऊ नयेत म्हणून यंत्र बसविणारे पाणी ५० अंशांच्या आसपास कायम ठेवून जातात, असे अनेक घरांत घडते. अशा ठिकाणी ऑप्टिमायझर आल्यावर दिसणाऱ्या बचतीचा मोठा भाग केवळ पाण्याचे तापमान उतरविल्याचा असतो. ते काम पंपाच्या नियंत्रण फलकावरून, मासिक शुल्क न भरताही, करता येते. म्हणूनच तुलना करायची, तर ती नीट जुळवलेल्या पंपाशी करावयास हवी. बेफिकिरीने सोडलेल्या पंपाशी नव्हे.

विटांच्या जाड भिंतींचे किंवा काँक्रीटच्या फरशीखाली नळ्या असलेले घर अनेक तास ऊब धरून ठेवते. लाकडी सांगाड्याच्या हलक्या आणि उष्णतारोधक थर अपुरे असलेल्या घरात ती लवकर ओसरते. तेथे सॉफ्टवेअरचे फारसे चालत नाही. लहान रेडिएटर, अरुंद नळ्या किंवा चुकीच्या क्षमतेचा पंप यांवरही त्याच्याकडे उपाय नाही. तापमापक स्वयंपाकघराजवळ लावला असेल, तर सगळा हिशेबच बिघडतो. घरात तान्हे मूल वा आजारी व्यक्ती असेल, तर संध्याकाळी दीड अंश उतरणारे तापमान आकड्यांत नगण्य वाटले तरी अंगाला जाणवते.

घरांच्या पलीकडे या प्रणालीचे खरे महत्त्व वीजजाळ्याला आहे. लाखो पंप एकाच संध्याकाळी पूर्ण जोरात चालले, तर नवी वीजकेंद्रे आणि जाड वाहिन्या उभाराव्या लागतील. नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या जाळ्याच्या चालकांनी, गर्दीच्या वेळी वापर कमी करणाऱ्या ग्राहकांना मोबदला देण्याची योजना सुरू केली. जर्मनीने १ जानेवारी २०२४ पासून वेगळा मार्ग धरला आहे. स्थानिक जाळ्यावर ताण आल्यास वितरक नव्या हीट पंपांची वीज तात्पुरती, साधारणतः ४.२ किलोवॅटपर्यंत, मर्यादित करू शकतात. त्या बदल्यात ग्राहकाला जाळेशुल्कात सवलत मिळते. पंप पूर्णपणे बंद करण्याचा अधिकार मात्र त्यांना नाही.

ब्रिटनमध्ये २०२३ च्या ऊर्जा कायद्याने अशा ‘स्मार्ट’ उपकरणांसाठी नियम करण्याचे अधिकार सरकारला दिले आहेत. घरातील तापमानाच्या नोंदींवरून कुटुंब केव्हा बाहेर असते, हे सहज ओळखता येते, त्यामुळे त्या कोणाजवळ राहतात, हा प्रश्न गौण नाही. इंटरनेट खंडित झाल्यास किंवा सेवा देणारी कंपनीच बंद पडल्यास पंप आपल्या मूळ मांडणीवर परत येतो की शेवटच्या आदेशावर अडकून राहतो, हे करार करतानाच विचारून घेणे इष्ट ठरते. जानेवारीच्या मध्यरात्री त्याचे उत्तर शोधणे सोपे नसते.