ग्रिड बसवताना: १२ रकाने, ६ टप्पे आणि ४०० टक्के झूम

मागच्या व्याख्यानात आपण डिझाइन सिस्टिममधले रंग आणि अक्षरांचे आकार पाहिले. आज ग्रिड. उदाहरणाला बूटस्ट्रॅपची पाचवी आवृत्ती घेऊया.

आधी रचना. कंटेनरच्या आत रो, रोच्या आत कॉलम. रोची रुंदी १२ भागांत वाटलेली असते. १२च का? तर १२ला २, ३, ४ आणि ६ने नि:शेष भाग जातो, त्यामुळे अर्धा, तिहाई, पाव असं काहीही सहज करता येतं. दोन कॉलममधली मोकळी जागा म्हणजे गटर. ती मुळात १.५ रेम असते. अक्षर १६ पिक्सेलचं धरलं तर २४ पिक्सेल. कॉलमच्या प्रत्येक बाजूला त्यातले १२.

आता ब्रेकपॉइंट. ५७६, ७६८, ९९२, १२०० आणि १४०० पिक्सेल. पाच सीमा, म्हणून सहा टप्पे. इथे एकच नियम पक्का लक्षात ठेवायचा: एखाद्या टप्प्याला दिलेली किंमत तिथून वर लागू होते, खाली नाही. म्हणून सुरुवात नेहमी सर्वांत लहान पडद्यापासून.

समजा, अर्ज भरायच्या पानावर चार कार्डं आहेत. प्रत्येकाला मुळात १२ भाग देऊ, ७६८पासून ६, ९९२पासून ३. फोनवर कार्डं एकाखाली एक येतील, टॅबलेटवर दोन-दोन, लॅपटॉपवर चारही एका ओळीत.

पण घाईत काय होतं? लॅपटॉपवर छान दिसतं म्हणून ब्रेकपॉइंट न लिहिता नुसते ३ भाग दिले जातात. फोन दूरच राहू द्या, लॅपटॉपवरच बघा. कमी दिसणारी एखादी व्यक्ती १२८० पिक्सेलच्या पडद्यावर ४०० टक्के झूम करते. ब्राउझरच्या हिशेबाने पानाची रुंदी आता ३२० पिक्सेल. तिचे चार भाग केले की प्रत्येकी ८०, गटर वजा जाता उरले ५६. तेवढ्यात जेमतेम चार-पाच अक्षरं बसणार. लांब शब्द चौकटीबाहेर जाणार. अर्ज तिथेच अडला! ब्रेकपॉइंट नीट असतील, तर त्याच झूमला कार्डं आपोआप एकाखाली एक येतात. डब्ल्यूसीएजी २.१ची १.४.१० ही कसोटी हेच मागते: ३२० पिक्सेल रुंदीत मजकूर आडवा न सरकवता वाचता यावा. नकाशे, मोठे तक्ते यांना त्यात सूट आहे.

दुसरी अडचण क्रमाची. ऑर्डरचे क्लास वापरून कार्ड पुढे-मागे करता येतं, पण बदलतं ते फक्त दिसणं. टॅबचं बटण आणि स्क्रीन रीडर मूळ कोडच्या क्रमानेच जातात. तेव्हा योग्य क्रम कोडमध्येच लावायचा.

आणि गटर किंवा ब्रेकपॉइंट बदलायचे असतील, तर ते सॅसच्या व्हेरिएबलमध्ये, एकाच ठिकाणी. पानापानावर ठिगळं लावत बसलो, तर ती सिस्टिम राहत नाही.

घरी एवढं करून बघा: आपलं एक पान उघडा, ४०० टक्के झूम करा आणि माउसला हात न लावता अर्ज शेवटपर्यंत भरा. जिथे अडाल, तिथे ग्रिड दुरुस्त करायची आहे.